'फॉलिंग फॉर यू' म्हणजे फसलो, की जीव जडला?

शाहूपुरी_मावशी

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न ठरलंय, साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात आहे. मुलगा नागपूरकडच्या घरातला, पण जन्म आणि शिक्षण सगळं इंग्लंडात. मराठी बोलतो छान, लिहायचं म्हटलं की इंग्रजीवर जातो. भाची मराठी माध्यमातली. बँकेत आहे, कर्जाचं इंग्रजी पत्र एका दमात लिहिते. पण ते इंग्रजी वेगळं आणि हे वेगळं.

परवा रात्री साडेनऊला ती माझ्या दारात उभी. डोळे लाल. मोबाईल पुढे केला. मुलानं लिहिलं होतं, 'आय थिंक आय'म फॉलिंग फॉर यू.' हिनं मोबाईलवरच्या शब्दकोशात 'फॉल फॉर' शोधलं, तर उत्तर आलं 'फसणे, बळी पडणे'. "मावशी, हा मला फसलो म्हणून कळवतोय का? आणि तेही 'आय थिंक', म्हणजे अजून नक्की नाही?" मला अंदाज होता की तसं नाही, पण पटवून सांगता येईना.

आणखी तीन वाक्यं आहेत. 'यू'व्ह स्वेप्ट मी ऑफ माय फीट.' 'आय'म नॉट सीइंग एनीवन एल्स, आय ओन्ली हॅव आइज फॉर यू.' आणि शेवटचं हिचंच. हिला 'तुझी आठवण येते' लिहायचं होतं, तिनं लिहिलं 'युअर मेमरी इज कमिंग टू मी.' त्यावर त्याचा फोन आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तिला विचारूनच लिहितेय. नुसता अर्थ नको, अर्थ तसा का होतो तेही सांगा. तिला पुढे त्याच भाषेत संसार करायचाय.


खडूफळा

मावशी, सर्वांत आधी तिला सांगा, काळजीचं काही नाही. वाक्य सुंदर आहे आणि सभ्यही आहे.

'फॉल फॉर'ला दोन अर्थ आहेत, आणि कुठला घ्यायचा हे पुढचं कर्म ठरवतं. पुढे लबाडी, थाप, युक्ती, जाहिरात असं काही आलं की अर्थ 'फसणे'. 'शी फेल फॉर हिज लाइज', ती त्याच्या थापांना बळी पडली. 'डोन्ट फॉल फॉर इट', त्याला भुलू नकोस. पुढे माणूस आला की अर्थ 'जीव जडणे'. इथे पुढे 'यू' आहे, प्रश्न मिटला. तिच्या शब्दकोशानं पहिला अर्थ दाखवला आणि तिथंच थांबला.

आता 'फॉलिंग'. 'आय'व्ह फॉलन फॉर यू' म्हटलं असतं तर जीव जडून झाला. 'आय'म फॉलिंग' म्हणजे ते आत्ता घडतंय, रोज थोडं थोडं. आणि 'आय थिंक' ही शंका नाही. मनातलं पहिल्यांदा बोलताना माणूस एक पाऊल मागे राहून बोलतो ना, तसं. आपण 'मला वाटतं, मला तू आवडायला लागलीस' म्हणतो. त्यातलं 'मला वाटतं' कुणी शंका म्हणून ऐकत नाही.

अजून एक. हा 'फॉर' क्रियापदापासून सुटत नाही. 'आस्क हर आउट'मध्ये 'हर' मधे बसतं, 'आस्क आउट हर' चालत नाही. 'फॉल फॉर हर'मध्ये उलट, 'हर' शेवटीच येतं. 'गेट ओव्हर हिम' म्हणजे त्याला मनातून काढून सावरणं, तिथेही 'हिम' शेवटी. कुठली जोडी फोडता येते आणि कुठली येत नाही, हे पाठच करावं लागतं. शिकवताना मी हेच सांगत आलो.

मला स्वतःला या सगळ्यात 'फॉल' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यावर सावकाश लिहितो.


लाल_माती

मावशी, दुसरं वाक्य आमच्या तालमीतलं आहे, म्हणून मी बोलतो.

'स्वेप्ट मी ऑफ माय फीट.' पाय जमिनीवरनं सुटणं. पट काढतात तेव्हा काय होतं? गडी उभा असतो, पाय रोवलेले असतात, आणि क्षणात खालची जमीन जाते. त्याला कळायच्या आत तो वर असतो. मी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एकदा असा उचललो गेलोय. त्या अर्ध्या सेकंदात हातात काहीच नसतं. पोरगा तेच म्हणतोय. 'मी पाय रोवून उभा होतो, तू मला उचललंस.' यात हरल्याचं दुःख नाही, खुशीनं उचलला गेलाय. लई मोठं बोललाय तो. इंग्रजी कुस्तीत चितपटीलाही 'फॉल'च म्हणतात, हे आपलं सहज सांगितलं.

व्याकरण सरांनी सांगावं.


खडूफळा

छान सांगितलंत. व्याकरण इतकंच: ज्याला उचललं त्याचेच पाय. 'स्वेप्ट मी ऑफ माय फीट', 'स्वेप्ट हर ऑफ हर फीट', 'स्वेप्ट देम ऑफ देअर फीट'. कर्म बदललं की पायांचा मालक बदलतो. इथे मुलं 'ही स्वेप्ट हर ऑफ हिज फीट' लिहितात, मग उचलली ती आणि पाय मात्र त्याचे.


टीवाय_इंग्लिश

सर, मला 'हेड ओव्हर हील्स'चं विचारायचंय. 'हेड ओव्हर हील्स इन लव्ह' म्हणजे आकंठ प्रेमात, हे माहीत आहे. पण डोकं टाचांच्या वर तर रोजच असतं. त्यात विशेष काय?


खडूफळा

रास्त प्रश्न. मूळ इंग्रजीत 'हील्स ओव्हर हेड' होतं, टाचा वर आणि डोकं खाली, म्हणजे कोलांटी. अठराव्या शतकात शब्दांची अदलाबदल झाली आणि उलटं रूपच रुळलं. अर्थ मात्र कोलांटीचाच राहिला. अनेकवचन करू नका, 'दे आर हेड ओव्हर हील्स' असंच. दोघांची मिळून दोन डोकी असली तरी 'हेड्स' होत नाही.


पंचगंगा_ते_लेस्टर

मी अकरा वर्षं इथे इंग्लंडात आहे, तिसरं वाक्य माझ्याकडे द्या.

'सी', 'नो', 'लव्ह', 'वाँट' अशी क्रियापदं शाळेत शिकवताना सांगतात की त्यांना 'आयएनजी' लावायचं नाही. 'आय'म सीइंग अ बर्ड' चूक, 'आय सी अ बर्ड' बरोबर. म्हणूनच जेव्हा कुणी 'आय'म सीइंग समवन' म्हणतं, तेव्हा इंग्रजी कानाला लगेच कळतं की इथे डोळ्यांनी पाहणं नाहीच. रूप बदललं की अर्थ बदलतो. 'आय'म सीइंग अ डॉक्टर' म्हणजे डॉक्टरांकडे जातोय, 'आय'म सीइंग समवन' म्हणजे माझं कुणाशी तरी जुळलंय, आम्ही भेटतो. तो म्हणतोय, तुझ्याशिवाय माझं कुणाशी काही नाही. ताई, ही वाक्यं इथली मुलं उगाच म्हणत नाहीत. लग्न ठरलेलं असलं तरी त्यानं ते स्वतःहून सांगितलं, हे मला फार आवडलं.

'ओन्ली हॅव आइज फॉर यू' म्हणजे नजर फक्त तुझ्याकडेच जाते. पण इथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर घोटाळा. 'हॅव आइज फॉर' अनेकवचनी, पुढे माणूस, अर्थ प्रेमाचा. 'हॅव ॲन आय फॉर' एकवचनी, अर्थ पारख असणं. आणि 'हॅव युअर आय ऑन' म्हणजे एखादी वस्तू किंवा माणूस मनात भरलंय, मिळवायचं म्हणून नजर ठेवलीय. आपलं 'त्याचा जमिनीवर डोळा आहे' आठवा, त्याच्या जवळचं, फक्त इंग्रजीत ते दर वेळी वाईट नसतं.


गुजरीकर

'हॅव ॲन आय फॉर' आमच्या कामाचं दिसतंय. म्हणजे 'माझ्या आत्याला साजाची पारख आहे' हे 'माय आंट हॅज ॲन आय फॉर साज'? आणि 'तिचा त्या साजावर डोळा आहे' म्हणजे 'शी हॅज हर आय ऑन दॅट साज'?


पंचगंगा_ते_लेस्टर

अगदी बरोबर. आणि 'शी ओन्ली हॅज आइज फॉर दॅट साज' म्हटलंत तर ती साजाच्या प्रेमातच आहे.


शाहूपुरी_मावशी

भाची माझ्याशेजारी बसून वाचतेय. 'पट काढला' वाचून तिनं ते दोनदा वाचलं. ती म्हणतेय 'मिस यू'चं कुणीच सांगितलं नाही, आणि तेच तिला सर्वांत लागलंय. 'आठवण येते' हे इंग्रजीत का येत नाही?


खडूफळा

येतो तिथेच.

आपल्याकडे 'मला तुझी आठवण येते' यात येणारी कोण? आठवण. ती चालत येते, मी नुसता बसलेला असतो. 'मला तू आवडतेस' यातही क्रियापद 'तू'च्या मागे जातं, मी 'मला' होऊन बाजूला बसतो. मला भूक लागते, मला राग येतो, मला वाटतं. मनात जे आपणहून घडतं, तिथे मराठी माणूस 'मी' म्हणत नाही, 'मला' म्हणतो. इंग्रजीत तिथेही 'आय' पुढे येतो. 'आय लाइक यू', 'आय मिस यू', 'आय लव्ह यू'. म्हणून शब्दाला शब्द ठेवला की वाक्य मोडतं.

गंमत म्हणजे इंग्रजीही एके काळी आपल्यासारखीच होती. जुन्या इंग्रजीत 'लाइक'चा पूर्वज 'लीकियन' याचा अर्थ 'आवडणे' नव्हता, 'रुचणे, सुखावणे' असा होता. ज्याला रुचतं तो चतुर्थीत, 'मला'सारखा. 'मीथिंक्स' हा जुना शब्द तुम्ही ऐकला असेल, 'मला वाटतं' या अर्थाचा. त्यात 'मी' म्हणजे इंग्रजीतलं 'मला', 'आय' नव्हे. पुढे इंग्रजीच्या विभक्ती झिजल्या, वाक्यात आधी कर्ता मग क्रियापद मग कर्म हा क्रम पक्का झाला, आणि पहिल्या जागेवर बसलेला माणूस कर्ता होऊन गेला. मला हे प्रथम कळलं तेव्हा कित्येक दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आपली मुलं 'टू मी' लिहून जी चूक करतात, ती इंग्रजीच्याच पणजीची पद्धत आहे.

'मिस'चा मूळ अर्थ चुकणे. 'आय मिस्ड द बस', बस चुकली. माणूस मिस करणं म्हणजे तो जिथे असायला हवा तिथे नाही, त्याची जागा रिकामी दिसणं. म्हणून 'आय मिस्ड यू'चे दोन अर्थ होतात. 'आय मिस्ड यू ॲट द स्टेशन', आपली चुकामूक झाली. 'आय मिस्ड यू ऑल वीक', आठवडाभर तुझी उणीव भासली. पुढे क्रियापद आलं तर 'आयएनजी' लावायचं, 'आय मिस टॉकिंग टू यू'. 'आय मिस टु टॉक' नाही.

आणि 'युअर मेमरी' याचा अर्थ एक तर तुझी स्मरणशक्ती, नाही तर तुझी स्मृती. स्मृती बहुधा गेलेल्या माणसाची. म्हणून बिचाऱ्यानं घाबरून फोन केला. पण त्यानं फोन केला, चेष्टा केली नाही, हे भाचीनं लक्षात ठेवावं.


दूधकट्टा

सगळं वाचलं. मला एक सलतंय ते बोलतो. 'प्रेमात पडणे' हेच मुळात इंग्रजीवरून उचललेलं आहे असं मी मानतो. आपल्याकडे जीव जडतो, मन बसतं, जीव लागतो. माझी आई म्हशीच्या रेडकालाही जीव लावायची. गंगावेशीत पहाटे कट्ट्यावर धार काढताना ती त्या जनावराशी जे बोलायची, त्यात कुठं पडणं नव्हतं. पडणं म्हणजे खाली जाणं. प्रेमानं माणूस खाली का जावा? पोरीला इंग्रजी जरूर शिकवा, पण आपले शब्दही त्या पोराला द्या.


टीवाय_इंग्लिश

काका, शब्द इंग्रजीवरून आला असेलही. पण तो मराठीत उपरा वाटत नाही, आणि याचं कारण मला आत्ता सरांचं वाचताना सापडलं. आपण मोहात पडतो, विचारात पडतो, पेचात पडतो, संकटात पडतो. आजारी पडतो, थंड पडतो, फिकट पडतो. यात कुणी खाली जात नाही. आधी एका अवस्थेत होतो, आता दुसऱ्या अवस्थेत आहोत, आणि ते आपण ठरवून केलेलं नाही. इंग्रजीतही 'फॉल इल', 'फॉल सायलेंट', 'फॉल अस्लीप'. तेच काम.


खडूफळा

शाब्बास. मी 'फॉल'वर सावकाश लिहितो म्हणालो होतो, ते निम्मं तुम्हीच लिहिलंत.

यातून अजून एक उलगडतं. मुलं विचारतात, पडणं ही हालचाल आहे, मग 'फॉल इन्टू लव्ह' का नाही? विहिरीत पडलं तर 'फॉल इन्टू द वेल' म्हणतातच. कारण 'इन लव्ह' ही जागा नाही, अवस्था आहे. 'शी इज इन लव्ह', 'ही इज इन पेन', 'दे आर इन ट्रबल'. 'फॉल' इथे 'होणे'चं काम करतं आणि 'इन लव्ह' जसंच्या तसं त्याला चिकटतं. आणि हो, 'इन लव्ह विथ', 'टू' नव्हे.

आता दूधकट्टा यांच्यासाठी. 'फॉल अस्लीप'ला आपण काय म्हणतो? झोप लागली. झोप पडली म्हणत नाही. वेड लागलं, गोडी लागली, ओढ लागली, नाद लागला, वेध लागले, जीव लागला. इंग्रजीत जे काम 'फॉल' करतं, त्यातलं मनाचं बरंचसं काम आपलं 'लागणे' करतं. वर न्या, खाली न्या, काही संबंध नाही. लागतं. तुमच्या आईंचं रेडकू आठवून सांगतो, 'फॉलिंग फॉर यू'चं मला सुचलेलं सर्वांत जवळचं मराठी 'मला तुझी ओढ लागत चाललीय' हे आहे.


दूधकट्टा

हे पटलं. मनापासून पटलं.


लाल_माती

'नाद लागला' म्हणायचं नाही व्हय? कोल्हापुरात तेच शोभतं.


पंचगंगा_ते_लेस्टर

दादा, नाद लागला हे मित्रांत ठीक, सासरी पोचलं तर वेगळा अर्थ निघेल.

मावशी, लग्न जवळ आलंय म्हणून एक चूक आत्ताच टाळायला सांगा. 'तो माझ्याशी लग्न करतोय' यातल्या 'शी'मुळे आपल्याकडे सर्रास 'मॅरी विथ मी' लिहितात. इंग्रजीत 'मॅरी'ला मधे काही लागत नाही, 'विल यू मॅरी मी'. झाल्यावर 'मॅरिड टू हिम'. 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' ऐकलं तर तो 'विथ' वेगळा आहे, लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत एवढंच. आणि लग्न लावणाऱ्याबद्दलही 'मॅरी'च वापरतात. 'द व्हिकर मॅरिड देम' म्हणजे पाद्र्यानं त्यांचं लग्न लावलं. हे पहिल्यांदा वाचून मी चक्रावले होते.

इथल्या चर्चमधल्या एका लग्नाला गेले होते तेव्हा 'टिल डेथ अस डू पार्ट' ऐकलं आणि व्याकरण काही लागेना. सर, ते काय आहे?


खडूफळा

ते इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातलं आहे. 1549 च्या पुस्तकात 'टिल डेथ अस डिपार्ट' होतं. तेव्हा 'डिपार्ट'चा अर्थ 'वेगळं करणे' असाही होता. पुढे तो अर्थ मागे पडला आणि वाक्य विचित्र वाटू लागलं, म्हणून 1662 च्या पुस्तकात 'डू पार्ट' केलं. 'अस' क्रियापदाच्या आधी आहे, म्हणजे मृत्यू, आपल्याला, वेगळं करेपर्यंत. अगदी मराठी क्रम! 'डेथ' एकवचनी असून 'डझ' नाही, 'डू' आहे, कारण ते जुनं संभाव्य रूप आहे.

त्याच विधीत 'विथ धिस रिंग आय दी वेड' असं येतं. ते 'दी' म्हणजे 'तुला'. इंग्रजीत पूर्वी तू आणि तुम्ही वेगळे होते, 'दाऊ' आणि 'यू'. आता सगळ्यांना 'यू'. 1662 च्या विधीत 'विल्ट दाऊ' असं विचारतात म्हणून उत्तर 'आय विल' असतं. सिनेमात ऐकू येणारं 'आय डू' हे 'डू यू' असं विचारल्यावरचं. प्रश्नातलं सहायक क्रियापदच उत्तरात परत येतं, बाकीचं सगळं वाक्य मागे गृहीत.


शाहूपुरी_मावशी

सर, तू-तुम्हीवरून आठवलं. भाचीला हाच पेच होता, त्याला अहो म्हणावं की तू. आमच्या ताईनं भाऊजींना जन्मभर अहो म्हटलं. इंग्रजीत 'यू' लिहिताना हिला मोकळं वाटतं, ठरवायलाच लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. हिनं त्याला फोनवर 'मी वाट बघतो' म्हटलं. नागपूरकडचं मराठी ऐकलेला तो गोंधळला, 'तू बघतो कशी?' हिला वाईट वाटलं, आपलं मराठीही चुकतं की काय म्हणून.


दूधकट्टा

पोरीला सांगा, काही चुकलेलं नाही. माझी आजी, आई, बहीण, तिघी 'मी आलो' म्हणतच घरात आल्या. हे कोल्हापूरचं बोलणं आहे. इंग्रजीच्या 'आय'ला बाई-पुरुष कळत नाही, ते आपण मुकाट शिकतो. मग त्यानंही 'मी बघतो' शिकावं. त्यानं ते एकदा आवडीनं ऐकलं की बाकी काही समजवावं लागणार नाही.


टीवाय_इंग्लिश

मावशी, तिनं उत्तर काय दिलं ते सांगाल का? सांगण्यासारखं असेल तरच.


शाहूपुरी_मावशी

तीन दिवस उशिरा लिहितेय, घरात केळवणं चालू आहेत.

तिनं उत्तर मराठीत दिलं. तिची इच्छा होती की पहिलं उत्तर आपल्याच भाषेत जावं. लिहिलं, 'मला तुझी ओढ लागलीय. मी वाट बघतो.' खाली इंग्रजीत एवढंच, 'आय मिस टॉकिंग टू यू.' सर, 'टॉकिंग'च लिहिलं.

त्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हसण्याचा आवाज आतपर्यंत येत होता. आता तो 'लागणे'च्या मागे लागलाय. वहीत लिहितोय म्हणे. भूक लागली, ठेच लागली, झोप लागली, ओढ लागली, लग्न लागलं. काल विचारत होता, सगळ्याला एकच क्रियापद कसं? आणि आज सकाळचा प्रश्न तिला सुटला नाही, म्हणून इथे टाकते. त्याच्या आईनं कोल्हापूरला यायचं ठरवताना म्हटलं, 'मला घाटात गाडी लागते.' तो विचारतोय, घाटात गाडी लागते म्हणजे तिथे बस स्टँड आहे का?


खडूफळा

त्याला लिहा, सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, 'गाडी लागली' म्हणजे फलाटाला येऊन उभी राहिली, चढायला हरकत नाही. 'मला गाडी लागते' म्हणजे प्रवासात पोटात ढवळतं. 'मला' आला की गाडीही आपल्या आत काहीतरी करते. आणि विहीणबाईंना घाटात खिडकीजवळची जागा द्या, बरोबर आवळ्याची सुपारी ठेवा.